१९६८ च्या कॅमारोचा पॉवरग्लाइड काढून पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स घरीच बसवायचा असेल तर

मिशिगनमध्ये आमच्या ओळखीच्या तीन-चार मराठी घरांत आता साठच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या आल्यात आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असतं, गाडी भारी आहे पण ऑटोमॅटिक आहे. आपण सगळे क्लच-गिअरवर शिकलेलो, कोणी पद्मिनीवर कोणी मारुतीवर, त्यामुळे व्ही-८ इंजिन समोर असताना डावा पाय रिकामा ठेवून बसणं जिवावर येतं. मी दोन गाड्यांमध्ये हे काम केलंय, आधी शेव्हरोलेच्या नोव्हात जुना चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स टाकला आणि नंतर १९६८ च्या कॅमारोत ट्रेमेक कंपनीचा टीकेएक्स. खाली सगळं कॅमारो धरूनच सांगतो, ३२७ घन इंची व्ही-८ इंजिन, दोन गिअरचा ऑटोमॅटिक पॉवरग्लाइड, गाडी घरच्या दोन गाड्यांच्या गॅरेजात घोड्यांवर (जॅक स्टँडवर).

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गिअरबॉक्स उचलून जागेवर बसवायला दोन माणसांना तासभर लागतो. गिअर लोण्यासारखे पडणार की करकरणार हे त्याच्या आधीच्या मोजमापात ठरतं, आणि नवीन माणूस नेमका तिथेच घाई करतो. मी नोव्हाच्या वेळी केली होती, ते पुढे येईलच.

कुठला गिअरबॉक्स घ्यायचा

मन्सी म्हणजे त्या काळातला अस्सल गिअरबॉक्स, इंडियाना राज्यातल्या मन्सी गावात १९६३ ते १९७४ बनायचा. गाडी जशी होती तशीच ठेवायची असेल तर हाच. त्यातल्या एम२० चा पहिला गिअर २.५२, एम२१ चा २.२०, आणि दोन्हींचा चौथा १:१, म्हणजे हायवेला इंजिनचे फेरे कमी करणारा ओव्हरड्राइव्ह नाही. टीकेएक्सचे पाच गिअर, मी घेतलेल्याचा पहिला २.८७ आणि पाचवा ०.६८. आता मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो ३.७३ असेल आणि टायर २६ इंची, तर ताशी ७० मैलांना मन्सीवर इंजिन साधारण ३४०० आरपीएमला ओरडत असतं आणि टीकेएक्सवर २३०० ला निवांत चालतं. आय-७५ हायवेवरून तासभर जायचं असेल तर हा फरक कानाला आणि पेट्रोलला दोन्हीकडे कळतो. मी म्हणून टीकेएक्स घेतला. तो या जुन्या गाड्यांच्या बोगद्यात (तळाच्या पत्र्याचा मधला उंचवटा, त्याखाली गिअरबॉक्स बसतो) मावावा असाच बनवलाय, तरी थोडंफार पत्रा कापणं किंवा ठोकणं धरून चाला.

खरेदीच्या आधी तुमचा अ‍ॅक्सल रेशो नक्की करा. मागची दोन्ही चाकं उचला, गाडी न्यूट्रलला, एक चाक कोणीतरी घट्ट धरायचं, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते खडूच्या खुणेवरून मोजायचं. तीन फेऱ्यांहून थोडं जास्त म्हणजे ३.०८, पावणेचारच्या जवळ म्हणजे ३.७३. (साधा डिफरन्शियल असेल तरच हे जमतं, लिमिटेड स्लिप असेल तर दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, तेव्हा एकच फेरा मोजा.) ३.०८ वर ०.६८ चा पाचवा लावलात तर ६० मैलांना इंजिन १६०० च्या आसपास राहतं, तेवढ्यात साधं ३२७ ओढत नाही, घुटमळतं. तेव्हा एकतर अ‍ॅक्सल बदलायचा नाहीतर ०.८१ चा पाचवा घ्यायचा.

सामान शक्यतो एकाच ठिकाणाहून, पूर्ण किट म्हणून घ्या. गिअरबॉक्स, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं घंटेसारखं आवरण, पुढे नुसतं बेल म्हणतो), फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बुश (क्रँकच्या मागच्या तोंडात बसून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरतो), क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालचा आडवा आधार), योक (प्रोपेलर शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये सरकणारं तोंड), पेडल, झेड-बार (पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणारा) आणि त्याच्या दांड्या. सगळं धरून चार-पाच हजार डॉलरच्या पुढे जातं. तुकड्या-तुकड्यात स्वस्त पडेल असं वाटतं पण रिलीज बेअरिंग लांब आणि आखूड अशा दोन जातींचं येतं, ते प्रेशर प्लेटच्या बोटांना जुळलं नाही तर क्लच सुटतच नाही, आणि हे कळतं सगळं बसवून झाल्यावर.

गाडी वर घेणं

निदान १८-२० इंच उंची लागते, नाहीतर गिअरबॉक्स जॅकवर ठेवून गाडीखाली सरकतच नाही. सपाट काँक्रीट, चांगल्या वजनाचे चार घोडे, आणि वर घेतल्यावर गाडीला खांद्याने जोरात हलवून बघा, हलली तर उतरवून परत. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर गाडी कधीही ठेवू नका, ते न सांगता फुटतात. ट्रान्समिशन जॅक भाड्याने मिळतो, तो आणाच. टीकेएक्स १०० पौंडांच्या आसपास आहे, छातीवर घेऊन ढकलणारे लोक मी बघितलेत आणि त्यातल्या एकाचा अंगठा गेलेलाही बघितलाय. बॅटरीची निगेटिव्ह वायर सगळ्यात आधी काढायची.

पॉवरग्लाइड उतरवणं

हे घाणीचं काम आहे पण अवघड नाही. पॅनमधलं तेल सोडा, प्रोपेलर शाफ्ट मागच्या चार बोल्टवरून सोडवून बाहेर घ्या, शिफ्टची दांडी, स्पीडोमीटरची केबल, रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या दोन नळ्या. गिअरबॉक्सवरच्या मॉड्युलेटरला इंजिनकडून येणारी एक व्हॅक्यूमची बारीक नळी असते, ती काढल्यावर इंजिनकडचं तोंड रबरी टोपीने बंद करा, नाहीतर नंतर इंजिन आयडलला का थरथरतंय हे शोधत बसाल. रेडिएटरची दोन तोंडंही बुचाने बंद. मग स्टार्टर, खालचा पत्रा, टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा तेलाचा डबा) धरणारे तीन बोल्ट.

आता एक गोष्ट जी पहिल्या वेळी कोणी सांगत नाही. क्रॉसमेंबर काढला की इंजिन मागे झुकतं, आणि शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉकचा (३२७ त्याच घराण्यातलं) डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या पाठीमागे, फायरवॉलला अगदी चिकटून असतो. इंजिन झुकलं की त्याची टोपी फायरवॉलवर दाबली जाऊन फुटते. म्हणून टोपी आधीच काढून ठेवा, आणि ऑइल पॅनच्या खाली लाकडाची जाड फळी घालून जॅकने इंजिनला आधार द्या. पुढे फॅन आणि त्याच्या कव्हरमध्ये किती जागा राहतेय तेही बघत राहा.

कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबरच बाहेर आणायचा. त्यात बरंच तेल असतं आणि तो पुढे सरकून खाली पडू शकतो, म्हणून बेलवर आडवी पट्टी बांधून घ्या. काढलेलं सगळं विकून टाकू नका, पुढेमागे गाडी विकली तर घेणारा मूळ पॉवरग्लाइड मागतो.

क्रँकचं मागचं तोंड

इथे थांबून टॉर्च घेऊन नीट बघा. ऑटोमॅटिक गाडीच्या काही क्रँकना पायलट बुशचं भोक पूर्ण साइजला कापलेलं नसतं. किटमधला बुश आत जाईल का हे व्हर्नियरने मोजा. भोक कमी असेल तर इनपुट शाफ्टचं टोक कापून छोटं करायचा जुगाड लोक करतात, मला तो पटत नाही, त्यापेक्षा आखूड किंवा वेगळ्या मापाचा बुश मिळतो तो मागवा. पितळी बुश घ्यायचा, लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर त्यात लोखंड आहे, तो शाफ्ट खातो. बुश हातोडीने सरळ ठोकताना मध्ये जुना सॉकेट किंवा क्लच सेंटर करायचं हत्यार ठेवा, तिरका गेला की गेला.

मागच्या ऑइल सीलमधून गळती असेल तर आत्ताच बदला. परत इथपर्यंत हात पोचायला सगळं पुन्हा उतरवावं लागेल.

फ्लायव्हील घेताना दोन गोष्टी जुळायला हव्यात. स्मॉल ब्लॉकमध्ये १९८५ पर्यंत क्रँकच्या बोल्टचं वर्तुळ ३.५८ इंच, १९८६ पासून ३ इंच, त्यामुळे आधीच्या मालकाने नवीन इंजिन बसवलेलं असेल तर आधी तेच तपासा. दुसरं म्हणजे दाते. १५३ दात्यांचं छोटं फ्लायव्हील असतं आणि १६८ दात्यांचं मोठं, आणि दोघांचे स्टार्टर वेगळे, छोट्याच्या स्टार्टरचे बोल्ट सरळ रेषेत, मोठ्याचे तिरके. जुन्या फ्लेक्सप्लेटचे (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असणारी पातळ चकती) दाते मोजा, खडूने खूण करून, आणि तेवढ्याच दात्यांचं फ्लायव्हील त्याला जुळणाऱ्या बेल हाउसिंगसकट घेतलंत तर जुना स्टार्टर बहुतेक चालून जातो. बोल्ट फ्लायव्हीलचेच वापरा, फ्लेक्सप्लेटचे आखूड असतात. लॉकटाइट लावून, समोरासमोरचे बोल्ट धरत, तीन टप्प्यांत ६०-६५ फूट-पौंडापर्यंत. किटबरोबर बोल्ट आले असतील तर त्यांच्या कागदावरचा आकडा पाळा.

बेल हाउसिंग सेंटरला आहे का

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. क्लच बसवायच्या आधी, नुसतं फ्लायव्हील असताना, बेल हाउसिंग इंजिनला लावा आणि बोल्ट टॉर्कने आवळा. त्याच्या मागे मधोमध मोठं गोल भोक असतं, त्यात गिअरबॉक्सची कॉलर बसते. ते भोक क्रँकच्या बरोबर मध्यावर नसेल तर इनपुट शाफ्ट कायम वाकड्या ओढीत फिरतो. बाहेरून काहीही दिसत नाही.

नोव्हाच्या वेळी मी हे मोजलं नव्हतं. बेल नवीन, इंजिन मूळचं, बेलची जागा पक्की करणाऱ्या डॉवेल पिना जागेवर, मग वाकडं कसं असेल असं वाटलं. एका उन्हाळ्यात पायलट बुश अंडाकृती झाला, तिसरा गिअर काढताना अडकायला लागला, आणि थंडीत सगळं परत खाली उतरवलं. तेव्हा मित्राच्या शॉपमधून डायल गेज आणलं आणि मोजलं तर १७ थाऊ! ट्रेमेक ५ थाऊच्या आत मागतं, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले पाच, दोन पातळ कागदांइतकं अंतर.

मोजायचं असं. डायल गेजचा लोहचुंबकाचा पाया फ्लायव्हीलवर चिकटवा, आणि सुई त्या गोल भोकाच्या आतल्या भिंतीला टेकवा. सगळे स्पार्क प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने फिरेल. पुढच्या क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून दुसऱ्या कोणालातरी हळू फिरवायला सांगा, तुम्ही सुईवर लक्ष ठेवा. बारा वाजता शून्य करा, मग तीन, सहा, नऊ या जागांचे आकडे कागदावर लिहा, परत बारावर आल्यावर शून्यच यायला हवं, नाही आलं तर पाया हललाय, पुन्हा सुरुवात. भोकाची धार घाण किंवा रंगाने माखलेली असेल तर आकडे खोटे येतात, आधी बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्या.

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा यांतला फरक म्हणजे एकूण रन-आउट. बेल प्रत्यक्षात त्याच्या निम्मी सरकलेली असते. माझे १७ थाऊ म्हणजे बेल साडेआठ थाऊ बाजूला. यासाठी ऑफसेट डॉवेल पिना मिळतात, ७, १४ आणि २१ थाऊच्या. मी ७ ची जोडी घेतली, ती वाचनात १४ चा फरक पाडते, उरले ३, आत आलो. ज्या बाजूला सुई जास्त दाबली जाते तिथली भिंत क्रँकच्या जवळ आलेली असते, म्हणून बेल त्याच बाजूला बाहेर सरकवायची. जुन्या पिना पकडीने फिरवत काढा, नव्या घाला, दोन्हींची तोंडं एकाच दिशेला, पिनांना स्क्रूड्रायव्हरची खाच असते त्याने फिरवून परत मोजा. माझ्याकडे तीनदा फिरवून जमलं, चौथ्यांदा खात्रीसाठी. हे सगळं एका शनिवारच्या सकाळचं काम आहे.

कॅमारोत पहिल्याच मोजणीला ४ थाऊ आले, काहीच करावं लागलं नाही. पण मोजल्याशिवाय ते कळलं नसतं.

क्लच

बेल परत काढा. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचे चेहरे ब्रेक क्लीनरने स्वच्छ पुसा, बोटाचा तेलकट ठसासुद्धा राहू देऊ नका. क्लच प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू छापलेली असते, उलटी बसवली तर क्लच सुटत नाही. प्लेटच्या आतल्या दात्यांवर ग्रीसचा अगदी पुसट हात, जास्त लावलंत तर उडून प्लेटवर जातं. प्लास्टिकचं सेंटरिंग हत्यार घालून प्रेशर प्लेट लावा, बोल्ट एक-एक फेरा करत आलटून पालटून, शेवटी ३५ फूट-पौंड. हत्यार आत-बाहेर सहज सरकलं पाहिजे. मग फोर्क, त्याचा गोलक, रिलीज बेअरिंग, आणि बेल कायमची.

गिअरबॉक्स चढवणं

अर्धा इंची, १३ आट्यांचे चार इंच लांबीचे दोन बोल्ट आणा, त्यांची डोकी कापा, टोकाला स्क्रूड्रायव्हरसाठी खाच पाडा आणि बेलच्या वरच्या दोन भोकांत घाला. या दोन पिनांवर गिअरबॉक्स सरळ सरकत येतो आणि त्याचं वजन क्लच प्लेटवर लटकत नाही. लटकलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो आणि मग क्लच कायम ओढतो.

माझ्याकडे त्या दिवशी बायकोचा धाकटा भाऊ आला होता. मी खाली जॅक धरून, तो मागून आउटपुट शाफ्ट हळूहळू फिरवत होता, गिअरबॉक्स चौथ्यात टाकून ठेवला होता म्हणजे मागून फिरवलं की पुढचा इनपुट शाफ्टही फिरतो आणि दाते जुळतात. शेवटचा अर्धा इंच अडला. "दाजी, बोल्टने ओढून घेऊ का?" असं त्याने विचारलं. नाही म्हटलं. बोल्टने ओढला तर गिअरबॉक्सचा कान तुटतो किंवा बुश चिरडतो. जॅक केसभर खाली घेतला, त्याने शाफ्ट पाव फेरा फिरवला आणि बॉक्स आपोआप टक् करून बेलला टेकला. अडलं की कोन बघायचा, बेल आणि बॉक्समधली फट चारी बाजूंना सारखी दिसली पाहिजे.

पेडल, दांड्या, वायरी

ऑटोमॅटिकचं रुंद ब्रेक पेडल निघतं आणि दोन पेडलांची जोडी येते. डॅशबोर्डखाली उताणं झोपून करायचं काम आहे, स्टिअरिंग कॉलम थोडा खाली सोडला तर हात जातो. क्लचची दांडी फायरवॉलमधून जाते, भोक पाडायच्या आधी किटचा कागदी साचा दोनदा लावून बघा, कारण दांडी सरळ नसेल तर पेडल घासत चालतं. झेड-बारचा गोलक इंजिन ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर आटे असलेल्या जागी बसतो, दुसरं टोक फ्रेमच्या ब्रॅकेटला. हेडर (एक्झॉस्टचे लांब पाइप) लावलेले असतील तर पाइप आणि झेड-बार एकमेकांना भिडत नाहीत ना ते आत्ताच बघा. हायड्रॉलिक क्लचही मिळतो, पण पहिल्यांदा करणाऱ्याला मी दांडीचाच सांगेन, त्यात बिघाड डोळ्यांना दिसतो. पेडलला वरून साधारण एक इंच मोकळा खेळ ठेवा.

१९६८ ला चावी डॅशवर असते म्हणून कॉलमची कटकट कमी, १९६९ पासून चावी कॉलमवर गेली आणि लॉकची दांडी गिअरला जोडलेली आली, तिथे वेगळं बघावं लागतं. स्टार्टरकडे जाणारी जांभळी वायर पूर्वी न्यूट्रलच्या स्विचमधून जायची, ती आता क्लच पेडलच्या स्विचमधून न्या. हे टाळू नका, गॅरेजात गाडी गिअरमध्ये असताना चावी फिरवली तर समोर उभ्या माणसाच्या अंगावर जाते. रिव्हर्स लाइटच्या दोन वायरी गिअरबॉक्सवरच्या स्विचला.

बोगद्याच्या पत्र्यात गिअर लिव्हरचं भोक खालून मोजून, आधी छोटं ड्रिल मारून, मग वाढवत न्या. एकदम मोठं कापू नका.

प्रोपेलर शाफ्ट आणि कोन

पॉवरग्लाइडचा योक २७ दात्यांचा, टीकेएक्सचा ३१ चा, म्हणून जुना चालत नाही आणि लांबीही बदलते. लांबी मोजताना गाडीचं वजन चाकांवर हवं, चाकांखाली फळ्या किंवा रॅम्प घालून. योक पूर्ण आत ढकला, मग पाऊण ते एक इंच बाहेर ओढा, आणि तिथे ठेवून दोन्ही टोकांच्या क्रॉसच्या (युनिव्हर्सल जॉइंटच्या) मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. हे माप तुम्ही स्वतः लिहून द्या. मला एका दुकानाने "कॅमारोचं माप आमच्याकडे आहे" म्हणून शाफ्ट बनवून दिला आणि तो सव्वा इंच लांब निघाला, तसाच रेटून बसवला असता तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर आदळला असता.

फोनवरच्या अ‍ॅपपेक्षा साधा लोहचुंबकाचा कोनमापक बरा. गिअरबॉक्स मागे जितका अंश खाली झुकलाय तितकाच मागचा पिनियन (अ‍ॅक्सलमध्ये शिरणारा शाफ्ट) वर बघत असावा, दोन्ही क्रॉसवरचा कोन १ ते ३ अंशांत आणि दोघांत फरक एका अंशाच्या आत. फरक जास्त असेल तर पाटे आणि अ‍ॅक्सलमध्ये पाचरीसारखी शिम घालतात. ज्या कॅमारोला मागे एकपदरी पाटा आहे तिथे जोरात क्लच सोडला की अ‍ॅक्सल उड्या मारतो, कधीतरी जाडे पाटे लागतील हे मनात ठेवा.

तेल आणि पहिली चक्कर

टीकेएक्समध्ये त्याच्या कागदावर सांगितलेलं एटीएफ किंवा सिंक्रोमेश तेल, बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत, गाडी सपाट असताना. मन्सी असेल तर जीएल-४ गिअर ऑइल. जीएल-५ मधली रसायनं सिंक्रोच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत.

स्टार्ट करायच्या आधी मागची चाकं हवेत ठेवून इंजिन बंद असतानाच पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. मग क्लच दाबून स्टार्ट, पाचेक सेकंद थांबून रिव्हर्स टाका, करकर आली तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, दांडी थोडी लांब करा. खाली उतरल्यावर पहिले ५०० मैल गावातल्या रस्त्यांवर, थांबत-निघत, जोरात सुटायचं नाही, क्लचचे चेहरे एकमेकांवर बसायला तेवढं लागतं. पन्नास मैलांनंतर क्रॉसमेंबरचे, प्रोपेलर शाफ्टचे आणि बेलचे बोल्ट परत टॉर्कने तपासा आणि पेडलचा खेळ बघा, नवीन प्लेट बसली की तो कमी होतो आणि दांडी अर्धा-एक फेरा आखूड करावी लागते.

वुडवर्डची ड्रीम क्रूझ (डेट्रॉइटकडची जुन्या गाड्यांची मोठी फेरी) ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते. ती गाठायची असेल तर सामान जानेवारीत मागवा आणि गाडी मार्चमध्ये घोड्यांवर चढवा, कारण एखादा तरी भाग चुकीचा येतोच आणि तो बदलून यायला दोन आठवडे जातात.